छायाचित्र लहान करतांना

संगणकावर छायाचित्र लहान करणें हें काम ऐकावयास क्षुल्लक वाटतें, आणि तें खरोखरच दोन मिनिटांचें आहे. असें असूनही परीक्षेच्या किंवा नोकरीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशीं कित्येक सुशिक्षित घरांतून याच कामापायीं धांवपळ उडते. अर्जाचा रकाना फोटो स्वीकारीत नाहीं. 'फाइल फार मोठी आहे' एवढेंच तो सांगतो. मग कोणी नवा प्रोग्राम विकत घेण्याची भाषा करतो, तर कोणी मुलीचा फोटो एखाद्या अनोळखी संकेतस्थळाच्या हवालीं करून तेथून लहान करून घेतो. या दोहोंचीही गरज नसते. हें काम करणारें साधन संगणकाबरोबर घरांत आलेलेंच असतें. तें कसें वापरावें हें सांगण्यापूर्वीं मात्र 'आकार' या शब्दाविषयीं थोडें बोलावें लागेल, कारण सारा घोटाळा त्या शब्दांत आहे.

श्रोतेहो, दोसुतीवर टांके मोजून भरलेला पोपट आपण पाहिला असेल. एका टांक्याचा रंग एकच. दुरून पाहिलें म्हणजे टांके लोपतात आणि पोपट दिसूं लागतो. संगणकांतील चित्र असेंच ठिपक्यांचें असतें. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. १९५७ सालीं अमेरिकेंतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत रसेल किर्श व त्यांचे सहकारी यांनीं किर्श यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो प्रथम संगणकांत उतरविला, तेव्हां त्याच्या रुंदीस १७६ व उंचीस १७६, म्हणजे एकंदर ३०,९७६ ठिपके होते. आजच्या साध्या मोबाइलच्या फोटोंत ४००० × ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके सहज असतात.

ठिपक्यांची ही संख्या हा चित्राचा एक आकार. फाइलीचें वजन ही निराळी गोष्ट, आणि अर्जाचा रकाना बहुधा तिच्याविषयींच तक्रार करीत असतो. एका ठिपक्याचा रंग नोंदविण्यास तीन बाइट लागतात. या हिशेबानें वरील फोटो ३ कोटी ६० लाख बाइटांचा व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षांत तो तीन-चार मेगाबाइटांत, म्हणजे सुमारें एक दशांश जागेंत मावतो. ही किमया जेपेग या पद्धतीची. तिच्या मुळाशीं असलेलें गणित बंगलोर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं नटराजन व राव या आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. जेपेगचें प्रमाण १९९२ मध्यें ठरलें. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे, आणि प्रत्येक चौकोनांतील डोळ्यास सहसा न जाणवणारे सूक्ष्म फरक सोडून द्यावयाचे, असा हा प्रकार आहे. फार सोडून दिलें तर मात्र चेहऱ्यावर फरशी बसविल्यासारखे चौकोन दिसूं लागतात.

कागदावरील इंच ही याहून वेगळी बाब. चांगल्या छपाईस दर इंचास ३०० ठिपके धरतात. म्हणजे ४ × ६ इंचांच्या फोटोस १२०० × १८०० ठिपके हवेत.

आतां कृतीकडे वळूं. विंडोजमध्यें 'पेंट' नांवाचा प्रोग्राम १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मुलांचा खेळ म्हणून त्याची थट्टा होते, पण या कामास तो पुरेसा आहे. फोटो त्यांत उघडून 'रीसाइझ' निवडावें (कंट्रोल व डब्ल्यू या कळा एकत्र दाबल्यानेंही तेंच होतें). तेथें टक्के आणि पिक्सेल असे दोन पर्याय दिसतात. टक्क्यांत एक फसगत आहे. ५० लिहिलें म्हणजे चित्र निम्में झालें असें वाटतें. वास्तविक रुंदी निम्मी व उंचीही निम्मी झाल्यानें ठिपके चतुर्थांशच उरतात. म्हणून अर्जासाठीं पिक्सेलच निवडावे.

बँकांच्या भरतीपरीक्षांच्या सूचनांत २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० किलोबाइट असें माप येत आलें आहे. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो ३००० × ४००० असतो; त्याचें प्रमाण या मापाशीं जुळत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ जण प्रमाण राखणारी खूण, म्हणजे 'मेन्टेन अ‍ॅस्पेक्ट रेशो', काढून टाकतात आणि दोन्ही आंकडे जबरदस्तीनें भरतात. परिणामीं उमेदवाराचें तोंड दबून रुंद होतें. हें करूं नये. आधीं कातरावें, मग लहान करावें. डोकें व खांदे येतील असा चौकोन आंखावा. आंखतांना त्याचें माप खिडकीच्या तळाशीं दिसतें. तें १२०० × १३८० च्या आसपास येऊं द्यावें व 'क्रॉप' करावें. मग रुंदी २०० लिहितांच उंची आपोआप २३० होते.

विंडोज ११ मधील 'फोटोज' या प्रोग्रामांत तीन टिंबांखालीं 'रीसाइझ इमेज' आहे. तेथें गुणवत्तेची सरकती खूण असते आणि होणाऱ्या फाइलीचें वजनही दिसतें. वजनाची मर्यादा कडक असेल तेव्हां हेंच सोयीचें. मात्र क्रम चुकवूं नये. ४००० ठिपके तसेच ठेवून केवळ गुणवत्ता पिळून ५० किलोबाइट गांठूं गेल्यास वर सांगितलेली फरशी चेहऱ्यावर उमटते. आधीं ठिपके कमी करावे. बहुधा गुणवत्तेस हात लावावाच लागत नाहीं.

मॅक संगणकावर 'प्रीव्ह्यू'मध्यें 'टूल्स'खालीं 'अ‍ॅडजस्ट साइझ' आहे. 'रीसॅम्पल इमेज' ही खूण तेथें काढली तर इंच बदलतात, ठिपके बदलत नाहींत, आणि फाइल रतीभरही हलकी होत नाहीं. प्रीव्ह्यूची दुसरी संवय अधिक घातक आहे: आपण 'सेव्ह' म्हटलें नाहीं तरी केलेला बदल मूळ फाइलींतच उतरतो. परत फिरण्याची वाट 'रिव्हर्ट टू' मध्यें आहे, पण तिच्यावर विसंबण्यापेक्षां आधीं 'डुप्लिकेट' करून त्या प्रतीवर काम करावें.

प्रतीचा हा आग्रह कशासाठीं? समजा, आजीचा एकुलता एक फोटो स्कॅन करून ठेवला आहे. कागदी फोटोस कसर लागून तो गेला. कोणा नातलगास धाडण्यासाठीं घाईंत तो ८०० ठिपक्यांचा केला आणि त्याच नांवानें 'सेव्ह' केला. वर्षश्राद्धास तो मोठा करून भिंतीवर लावावयाचा ठरला म्हणजे काय होईल? लहान करतांना संगणक शेजारच्या अनेक ठिपक्यांची सरासरी काढून त्यांच्या जागीं एकच ठिपका ठेवतो. चौघां भावंडांच्या वयांची सरासरी तीस आहे एवढ्यावरून कोणाचें वय किती तें सांगतां येत नाहीं. तद्वत् त्या ठिपक्यावरून आजीच्या पापणीचा केस परत काढतां येत नाहीं. फोटो पुन्हां ४००० ठिपक्यांचा करतां येईल, पण मधल्या जागा अंदाजानें भरल्या जातील. अलीकडच्या कृत्रिम बुद्धीच्या प्रोग्रामांना हा अंदाज मोठा झोकदार करतां येतो. मात्र त्यांनीं रंगविलेला डोळा आजीचाच असेल, याची खात्री कोणी द्यावी?

म्हणून लहान केलेलें चित्र नेहमीं 'सेव्ह अ‍ॅज'नें निराळ्या नांवानें ठेवावें. 'आजी-मूळ' आणि 'आजी-लहान' अशीं साधीं नांवें पुरतात. मूळ फाइल दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही असावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मूळ समजूं नये. तेथें नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंतच लहान केलें जातें. गांवाकडील नातलगाकडून जुना फोटो मागवावयाचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावयास सांगावें.