कॉपीविना पाठवलेले पॅकेट

व्हर्च्युअल मशीनमधून नेटवर्कवर निघालेले पॅकेट एरवी यजमान संगणकाच्या कर्नलमध्ये आधी कॉपी होते आणि त्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. लिनक्सच्या व्हीहोस्ट-नेट ड्रायव्हरमधील झीरो-कॉपी पद्धतीत नेटवर्क कार्ड थेट त्या मशीनच्या मेमरीतूनच डेटा उचलते. मात्र तेवढ्यात कर्नलने मेमरीचे ते पान दुसऱ्या कामाला दिले, तर कार्ड भलताच डेटा पाठवेल. म्हणून पाठवणी पुरी होईपर्यंत, सहसा 4 किलोबाइटची, ती पाने जागेवर जखडली जातात. 256 बाइटपेक्षा लहान पॅकेटसाठी हा खटाटोप परवडत नाही. ती सरळ कॉपी केलेलीच बरी. पाठवणी रेंगाळली, तर पाने अडकून राहतात आणि मागची पॅकेटेही खोळंबतात. 2019 मध्ये झीरो-कॉपीची ही सोय मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवण्याचा निर्णय झाला, तो योग्यच होता.