झाडावरून उतरताना

शिकारीच्या गोष्टी वाचण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. (बंदूक कधी हातात धरलेली नाही, ही गोष्ट निराळी!) त्या गोष्टींत शिकारी मचाणावर कसा चढला, किती तास डासांना रक्तदान करीत बसला, याचे साग्रसंगीत वर्णन असते. मग बार होतो, वाघ कोसळतो आणि गोष्ट संपते. शिकारी खाली कसा उतरला, हे सहसा कोणी सांगत नाही. जणू तो पिकल्या आंब्यासारखा आपोआपच खाली येत असावा!

आणि खरोखरच पुष्कळ शिकारी तसे खाली येतात, हे मला २०२४ च्या दिवाळीत कळले.

कॉलेजला सुटी लागताच मी धाकट्या भावाकडे अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात गेलो होतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. तिकडे मात्र शरद ऋतू आला की परवाना काढून हरणांच्या मागे जाणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. आधी धनुष्यबाणांचा हंगाम, मग बंदुकांचा. पांढऱ्या शेपटीचे ते हरीण नाकाने आणि कानाने फार तिखट; म्हणून शिकारी झाडावर पंधरा-वीस फूट उंच बसतो. सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला मुभा असते. एवंच, शेवटपर्यंत बसणाऱ्याला अंधारातच उतरावे लागते, तेही थंडीने पाय आखडलेले असताना!

भावाच्या समोरच्या घरात एक सत्तरीला टेकलेले गृहस्थ राहतात. सुतारकामात जन्म गेलेला. हात लाकडासारखे घट्ट, पण चालताना डावा पाय किंचित ओढतात. पहिल्याच संध्याकाळी भावजय मला म्हणाली, "भाऊजी, त्यांच्या ओसरीवरचा दिवा बघा. आजोबा रानात गेले की आजी तो लावतात आणि ते परत आले की स्वतःच्या हाताने विझवतात. तीन वर्षांपूर्वी तो रात्री अकरापर्यंत जळत होता."

त्या रात्रीची हकीकत आजोबांनीच मला सांगितली. दिवसभर हरीण दिसले नव्हते. उतरायचे म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, बैठकीवरून शिडीच्या पायरीवर पाय टाकला, आणि पायरी जिथे असायला हवी होती तिथे नव्हती! मांडीचे हाड मोडले. फोन वरच्या पिशवीत. चार तासांनी लोक विजेऱ्या घेऊन आले तेव्हा ते सापडले.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "चढताना माणूस झाडाकडे बघतो. उतरताना त्याचे मन घरी जेवायला बसलेले असते."

आता ते दोरावरून उतरतात. आपली पोरे सह्याद्रीच्या कड्यांवर रॅपलिंग करतात ना, तेच. परसातल्या ओकवर त्यांनी मला सगळा प्रकार दाखवला. झाड जिवंत हवे आणि दोर खोडालाच बांधायचा; फांदीचा भरवसा नाही. दोराच्या एका टोकाला कडी असते. खोडाला वेढा देऊन दुसरे टोक त्या कडीतून ओढले, की वजन पडेल तसा फास आवळतो. खालच्या टोकाला मोठी गाठ हवी, म्हणजे दोर संपला तरी माणूस त्यावरून निसटत नाही. कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक धातूची कडी अडकवतात. दोर तिच्यातून वळणे घेत जातो आणि त्या घर्षणाने वेग आवरतो. शिवाय बारीक दोरीचे वेढे मोठ्या दोराभोवती घालून एक राखण-गाठ मारायची. हात सुटला तर ती गाठ दोर पकडून धरते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली अशी गाठ प्रसिद्ध केली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. व्याकरणातल्या एखाद्या नियमाने इतके जीव वाचवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही!

धनुष्य आधी वेगळ्या सुतळीने खाली सोडायचे. बंदूक असेल तर रिकामी करून. पण सर्वांत महत्त्वाचे हे, की आधी नव्या दोरावर पूर्ण भार टाकून बघायचा आणि मगच झाडाला बांधून ठेवणारा पट्टा सोडायचा. आजोबांनी हे मला तीनदा म्हणून दाखवायला लावले. पट्ट्यात नुसते लोंबकळत राहणेही बरे नव्हे, म्हणाले. रक्त पायांत उतरते आणि शुद्ध हरपते. तसा प्रसंग आलाच तर पाय हलवत राहायचे.

मग मीही दहा फूट चढलो. मागे रेलून दोरावर भार टाकण्याचा तो क्षण! अंगातला कण्‌ कण्‌ "नको" म्हणत होता. खालचा हात मी असा आवळला होता की मी जागचा हललोच नाही. "सैल सोडा, प्रोफेसर! पण सोडून देऊ नका!" आजोबा खालून ओरडले. इंचाइंचाने उतरलो. भावाने त्याचे चित्रीकरण केले आहे. ते घरी कोणाला दाखवायचे नाही असे ठरले आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भावजयीने आकाशकंदील लावला. समोरचा दिवाही लागला. सूर्य सहाच्या सुमारास मावळला. सात वाजले. पूजा आटोपली, पण भावजयीचे लक्ष खिडकीकडे. साडेसात झाले. आजी दोनदा ओसरीवर येऊन गेल्या. आजोबा बसतात त्या दरीत फोन लागत नाही. भाऊ विजेरी शोधू लागला आणि मी बूट चढवले.

इतक्यात गाडीचे दिवे वळणावर दिसले. आम्ही धावतच रस्ता ओलांडला.

"हरीण मिळाले," आजोबा म्हणाले. "बाण सुटल्यावर हात असे थरथरू लागले, की गाठ बांधवेना. मग अर्धा तास तसाच बसून राहिलो. जखमी हरणामागे लगेच धावायचे नसतेच. हात थांबले, मग उतरलो."

मला एकदम कॉर्बेट आठवला. १९२६ साली रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावर त्याने आंब्याच्या झाडावरून गोळी झाडली, विजेरी विझली, आणि तो पहाटेपर्यंत झाडावरच बसून राहिला. तो बसून का राहिला, हा प्रश्न मला शाळेत असताना पडला होता.

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या कोटावरची पाने झटकली, ओसरी चढल्या आणि दिवा विझवला.