गोधडीची ऊब येते कुठून?

एक प्रश्न वर्गात विचारून पाहा. सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले. एक पिशवी टेबलावर उघडी ठेवली, दुसरी गोधडीत गुंडाळली. कोणता खडा आधी वितळेल?

आम्ही हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच होते : "गोधडीतला. गोधडी गरम असते ना!" तास संपताना पिशव्या उघडल्या. टेबलावरच्या पिशवीत बरेचसे पाणी झाले होते. गोधडीतला खडा मात्र थोडाच झिजला होता. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग एका मुलीने विचारले, "मग थंडीत आम्हाला ऊब कोण देतं?"

उत्तर असे, की आपली ऊब आपणच निर्माण करतो. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. गोधडी स्वतः उष्णता देत नाही. ती फक्त उष्णतेची वाट अडवते. बर्फाच्या बाबतीत हीच अडवणूक उलट दिशेने होते. बाहेरची उष्णता आत शिरू शकत नाही. बर्फवाले लाद्या लाकडाच्या भुशात व गोणपाटात ठेवतात, ते याचसाठी.

अडवणूक कोण करते?

कापूस, असे आपण म्हणू. पण खरी कामगिरी हवेची आहे. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. सुताच्या तंतूंतून उष्णता हवेपेक्षा सहज जाते. मात्र हवा मोकळी असली की फिरते आणि फिरताना उष्णता घेऊन जाते. तिला लहानलहान फटींत कोंडून ठेवणे, हे कापडाच्या थरांचे काम. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा तेवढ्याच वजनाचे चार पातळ थर बहुधा जास्त उबदार वाटतात.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एका माणसाच्या गोधडीचे चार थर झाले. वापरून मऊ झालेल्या सुती कापडातून सुई सहज जाते आणि ते अंगालाही टोचत नाही. कोल्हापूरकडची वाकळ असो की तान्ह्या बाळाचे दुपटे, तत्त्व हेच.

धावदोरा कशासाठी?

थर नुसते एकमेकांवर ठेवले तर सरकतात, गोळा होतात आणि मधेच पातळ जागा राहते. धावदोऱ्याच्या ओळी त्यांना जागच्या जागी धरतात. पण जिथे टाका दाबला जातो, तिथे थर एकमेकांना चिकटतात आणि हवेला जागा उरत नाही. ओळी फार दाट घातल्या तर गोधडी टिकाऊ होते, पण चपटी व ताठर होते. फार विरळ घातल्या तर ती धुण्यात विस्कटते. आजीने बोटभर अंतर राखले, ते या दोन्हींचा मेळ घालून. पुस्तक न वाचता, अनुभवाने.

शिवणाचा डबा

गोधडी करायला साहित्य थोडेच लागते. पण ते हाताशी हवे. घट्ट झाकणाचा एक डबा घ्या. सुया कोरड्या जाड कापडात टोचून ठेवा. दमट हवेत सुई गंजते आणि गंजलेली सुई जुने कापड फाडते. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक, हे मुलांना सांगावे. जाड दोऱ्यासाठी मोठ्या नेढ्याची सुई वेगळी ठेवावी. रिळे, कात्री, अंगुस्तान आणि मेणाचा तुकडा एवढे पुरे. दोरा मेणावरून ओढला की त्याचे तंतू बसतात, गुंता कमी होतो. कापडाचे तुकडे सुती आणि कृत्रिम असे दोन गाठोड्यांत बांधावेत. याचे कारण केवळ नीटनेटकेपणा नाही. पॉलिएस्टर पेटले तर वितळून कातडीला चिकटते. चुलीजवळ झोपणाऱ्या घरात हा भेद जिवावरचा ठरू शकतो.

वर्गात करून पाहा

एकसारखे चार स्टीलचे पेले, चारही पेल्यांत सारखेच गरम पाणी, वर सारखी झाकणे. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती कापडाचे चार थर सैल गुंडाळा, तिसऱ्याभोवती तेच घट्ट आवळून बांधा, चौथ्याचे कापड ओले करा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे.

ओल्या कापडातले पाणी लवकर निवते. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक सहज वाहते. शिवाय बाष्पीभवन होताना उष्णता खर्च होते. कोरडे वाटणारे सुती कापडही नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असते. पावसाळ्यानंतर गोधड्या उन्हात घालतात, त्या केवळ कुबट वास जावा म्हणून नव्हेत. दमटपणा जातो, तंतू फुलतात आणि हवेला पुन्हा घर मिळते.

प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. घरातल्या एखाद्या गोधडीचे थर मोजायचे, ओळींमधले अंतर पट्टीने मोजायचे आणि शिवणाऱ्या बाईंना विचारायचे, "एवढंच अंतर का?" त्यांचे उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. ते वाचताना आपल्या लक्षात येईल, की उष्णतावहनाचा धडा या घरात फार आधीच शिकवून झाला होता. त्याला कुणी विज्ञान म्हटले नव्हते, इतकेच.