पद्मिनी पन्नाशीत

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची ताडदेव आरटीओतली नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर भरली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिला मनापासून निरोप दिला. खासगी पद्मिनीची गोष्ट मात्र तिथं संपलेली नाही. पुण्यातल्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये, कोल्हापूर-सांगलीच्या वाड्यांत, ठाणे-डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारात कव्हरखाली उभ्या असलेल्या पद्मिनी अजून आहेत. निवृत्त झालेले इंजिनिअर, बँकेतले अधिकारी, कॉलेजातली मुलं सुट्टीच्या दिवशी त्यांच्याखाली शिरतात. आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची असते; ती रोजच्या रस्त्यावर चालावी, म्हणून थोडी आजची करायची असते. ही ‘थोडी’ म्हणजे किती, यावर या मंडळींत जितकं बोललं जातं तितकं इंजिनावरही बोललं जात नसेल.

हा प्रश्न आत्ताच तातडीचा झाला आहे, त्यालाही कारण आहे. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली, आणि पन्नास वर्षांनंतर गाडीला कायद्याचा वेगळा दर्जा मागता येतो. त्याकडे पुढे येतो.

आधी थोडी वंशावळ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. फियाटशी संबंध जुळल्यावर १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. गोलमटोल नाकामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट हे नाव दिलं. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. आपण जिला पद्मिनी म्हणून ओळखतो तो आकार हाच. पुढे तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. इटलीत हे मॉडेल साठच्या दशकातच बंद पडलं. आपल्याकडे गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याचा तो काळ होता, स्पर्धा नव्हती, आणि तोच साचा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. कुर्ला-विद्याविहार भागात प्रीमियर रोड अजून आहे.

गाडी उभी करणाऱ्याला यातून एक मोठी सोय मिळते. १९६८ च्या डिलाइटला नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीचे कितीतरी भाग बसतात. दुसरी बाजूही तितकीच खरी: १९९५ ची पद्मिनी घेतली तरी हाती येते ती साठच्या दशकाच्या सुरुवातीची गाडी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चाळीसेक अश्वशक्ती. चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर. मागे पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक.

बहुतेक जण सुरुवात इंजिनापासून करतात. ते चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. पद्मिनीचं इंजिन सोपं आहे आणि त्याचं काम कधीही करता येतं. ही गाडी वाचते की जाते ते पत्रा ठरवतो. तिला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा. गंज लागतो तो नेमका या सांगाड्याच्या पोटात: दाराखालच्या पेट्या, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, बॅटरीची बैठक, मागचे पाटे जिथं अडकतात ती जागा. समुद्रकाठच्या गाडीत तो आतून खात येतो. वरून रंग चकचकीत असतो आणि खाली स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक असावं. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी भरलेली आहे.

दाराखालच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापू नयेत. आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाकून ती जखडावी, एक बाजू पुरी करावी, दार लावून पाहावं, मग दुसरीला हात घालावा. नाहीतर सांगाडा मधे बसतो आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर हे काम सुंदर करत. गॅसच्या उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो, तो ठोकून सरळ करण्याचं कसब त्यांच्या हातात होतं. ते हात आता कमी उरलेत. घरी करणाऱ्याने सीओटू वेल्डिंग शिकावं, लहान लहान टाके देत जावं, आणि पेट्रोलच्या टाकीला मात्र स्वतः कधीही वेल्डिंग लावू नये. रिकाम्या टाकीतली वाफ माणूस मारते.

पत्र्यानंतर ब्रेक. जुन्या फियाटमध्ये ब्रेकचं एकच सर्किट आहे: एक व्हील सिलिंडर फुटला, एक नळी गळली, की पायाखालचं पेडल थेट जमिनीला टेकतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या रस्त्यावर त्याची सवय होती. आज पुढची गाडी एबीएसवर जागच्या जागी थांबते. घरी उभी होणाऱ्या गाडीत पहिला आधुनिक बदल इथं हवा: सगळे व्हील सिलिंडर नवे, रबरी नळ्या नव्या, धातूच्या नळ्या बदललेल्या, आणि शक्य असेल तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर. काही जण पुढे दुसऱ्या गाडीच्या डिस्क बसवतात. हे काम जाणत्या फिटरच्या देखरेखीशिवाय करू नये, कारण पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल बिघडला तर गाडी ओल्या रस्त्यावर घसरते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोडी लावल्याशिवाय खाली जाणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याला हाताला धरून बाहेर काढावं.

इंजिनाचं काम त्यामानाने सरळ. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, नवे बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व लॅपिंग. हे घरी होत नाही आणि व्हायची गरजही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या जागी अजून असे लेथ आणि असे कारागीर आहेत, ज्यांना ब्लॉक हातात दिला की तो कुठल्या गाडीचा हे सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र त्यांना आठवणीने सांगावी. २००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांत व्हॉल्व सीटला शिशाचं संरक्षण असे, ते गेलं. हेड उघडलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात.

पेट्रोलचं दुसरं संकट नवं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजवतं. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं घ्यावं. मिश्रण पातळ होतं म्हणून जेटही तपासून घ्यावा. मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतला पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली की त्यावर ओलं फडकं टाकणारे टॅक्सीवाले अनेकांना आठवतील. तो उपाय आजही चालतो, पण नळी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर वळवून घेणं अधिक बरं.

वायरिंग पुरं नवं करावं. डेल्कोतले (डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर, दिव्यांना रिले. पुढच्या आसनांना सीट बेल्ट हवेतच. त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात न अडकवता मागून जाड लोखंडी पट्टी द्यावी.

इथपर्यंत मी सुचवलेल्या बदलांत एक साम्य आहे. पत्र्याची दुरुस्ती आणि इंजिनाची डागडुजी सोडली, तर बाकीचं बोल्टने बसतं आणि बोल्टनेच निघतं. हीच माझी कसोटी. पुढचा मालक हवं तर जुना डायनॅमो परत लावू शकेल. पण डॅशबोर्ड कापून टचस्क्रीन बसवणं, चाकांच्या कमानी फाडून रुंद टायर घालणं, पुढची बाकासारखी सलग सीट फेकून देणं, हे परत न येणारं नुकसान आहे. आजवर कितीतरी चांगल्या गाड्या रुंद टायरांच्या हौसेपायी गेल्या. दांड्याचा गिअर नको म्हणून मधल्या गिअरचा गिअरबॉक्स शोधणाऱ्यांना मी तेवढा दोष देणार नाही. शेवटच्या काळात खुद्द कंपनीनेच एस-१ या मॉडेलमध्ये गिअर खाली आणला होता. तरीही दांड्याचा गिअर ठेवावा. पद्मिनी चालवणं म्हणजे तोच तर आहे.

कायदाही याच बाजूने ओढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. बॅटरीवर चालणारी पद्मिनी करायची तर मान्यता मिळालेलंच किट हवं. त्याला ‘एआयएस-१२३’ हे मानक लागू होतं आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या घेतात. घरात मोटर आणून जोडली, असं चालत नाही.

राहिला व्हिंटेज दर्जा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार असतील तर हा दर्जा नाही. आणि दर्जा मिळाल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल-दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे रोज भाजीला न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवून पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण करत राहणं भाग आहे. दोन्ही वाटा ठीक आहेत. कुठली धरायची ते पाना हातात घेण्याआधी ठरलेलं असावं, कारण गाडीत काय बदलायचं ते त्यावर ठरतं.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. इंजिनाचे भाग अजून मिळतात. अडतं ते काचा, दारांच्या कड्या, बंपर, मीटर, रबरी बीडिंग यांपाशी. टॅक्सी होत्या तोवर हा माल त्यांच्यासाठी बनत होता आणि त्यांच्यातूनच निघत होता. तो झरा आटला आहे.

म्हणून ज्यांच्या आवारात अशी गाडी उभी आहे त्यांना विनंती. ती पुन्हा चालू होणार नाही असं ठरलं असेल, तर भंगारात देण्याआधी एखाद्या व्हिंटेज गाड्यांच्या क्लबला किंवा जवळच्या जुन्या मिस्त्रीला विचारा. आरसी पुस्तक सापडत असेल तर ते गाडीसोबत द्या. कागद असलेली गाडी पुरी उभी राहू शकते. कागद नसतील तर निदान तिच्या काचा आणि कड्या दुसऱ्या पद्मिनीला लागू द्या.