कुलपाआधी वही

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागले की मंद्रूप येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या टापूत जुनी नाणी घरोघर जपली गेली, यात नवल नाही. दक्षिणेला भीमा आणि पलीकडे आदिलशाहीची राजधानी. मंगळवेढ्याजवळ माचणूरला, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मपुरीला, १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती. पूर्वेला निजामाचे राज्य आणि त्याचा हाली सिक्का, शिवाय मराठ्यांची शिवराई आणि नंतर इंग्रजांचा रुपया. इतक्या राजवटींचा पैसा ज्या मुलखात खेळला, तिथे आजीच्या पेटीत राणीछाप रुपये आणि तांब्याच्या शिवराया असणे साहजिकच. एखादा नातू मग त्यांत भर घालत जातो, अल्बम आणतो, आणि पाहता पाहता घरात एक संग्रह उभा राहतो. तो चोरांपासून जपायचा कसा, असे विचारले की बहुतेकांना कुलूप आठवते. माझे म्हणणे असे, की कुलपाच्या आधी वही हवी. ज्या नाण्याची नोंद नाही ते चोरीला गेल्यावर आपले होते हे सिद्ध करणे फार अवघड असते.

असे का, ते समजायला चोराच्या नजरेने कपाटाकडे पाहावे लागेल. कडी-कोयंडा तोडून आत शिरणारा बहुधा नाण्यांसाठी आलेला नसतो. त्याला दागिने आणि रोकड हवी असते. नाणी त्याच कप्प्यात सापडतात म्हणून जातात. इंग्रजी अमदानीतल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुना तोळा तो हाच. १९४० च्या आधीच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी असे. चोराचा हिशोब इथेच संपतो: इतके रुपये, इतके तोळे. १९१९ चा रुपया आणि १९३९ चा रुपया त्याच्या लेखी सारखेच, खरे तर १९३९ चा अतिशय दुर्मिळ असून त्याच्या नकलाही निघतात. शिवराई तर त्याला मोडीच्या भावाची. संग्राहकाच्या लेखी लाखमोलाचे नाणे चोराच्या लेखी एक तोळा चांदी असेल, तर ते परत मिळण्याची आशा एकाच गोष्टीवर उरते: ते वितळण्याआधी कुणीतरी ओळखले पाहिजे.

कुलूप, तिजोरी, कॅमेरा हे सगळे वेळ विकत घेण्याचे उपाय आहेत. ते घ्यावेतच. तिजोरी भिंतीत किंवा जमिनीत पक्की ठोकलेली असावी, नाहीतर ती उचलूनच नेतात. किल्ली कपाटावर किंवा तांदळाच्या डब्यात ठेवण्याची सवय मोडावी; त्या जागा घरमालकाइतक्याच चोरालाही पाठ आहेत. पण सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळे घर सिद्धेश्वराला गेले असेल, किंवा घर गावाबाहेर वस्तीवर असेल, तर चोराकडे वेळच वेळ असतो. ‘मग बँकेत लॉकर घ्या’ हा पहिला आक्षेप. चांदी-सोन्याच्या नाण्यांसाठी तो सल्ला योग्यच आहे. मात्र लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग वा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडे दोन हजार असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. आत काय होते हे सांगायचे काम तिथेही आपलेच. विम्याचेही तसेच, नाणी वेगळी दाखवून त्यांची किंमत नोंदवल्याशिवाय सर्वसाधारण घरविम्यात ती सहसा धरली जात नाहीत. म्हणजे कुठल्याही रस्त्याने गेलो तरी वहीपाशीच येतो.

वही म्हणजे ‘जुनी चांदीची नाणी, नग ४०’ असे लिहिणे नव्हे. फिर्यादीत नेमके हेच वाक्य येते आणि तपास तिथेच अडतो, कारण कुठल्याही सराफाकडची चाळीस जुनी नाणी या वर्णनात बसतात. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून ते ग्रॅमच्या शतांशापर्यंत लिहावे. व्यास, टाकसाळीची खूण, ओरखडा, घासलेले अक्षर, सराफाने पूर्वी मारलेला ठसा हेही लिहावे. नाणेसंग्राहक ज्याला दोष समजतो तोच इथे पुरावा ठरतो. विकत घेतल्याची पावती असेल तर तीही त्याच क्रमांकाखाली जोडावी.

याचा उपयोग होतो का? १९६७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या विलिस दु पाँ यांच्या घरी दरोडा पडला आणि सुमारे सात हजार नाणी गेली. त्यातला १८०४ चा प्रसिद्ध डॉलर १९८२ मध्ये परत मिळाला, आणि १८६६ चा एक डॉलर २००४ मध्ये. ती नाणी नाणेतज्ज्ञांना इतकी परिचित होती, की विकायला काढली की ओळखली जाणारच. आपल्याकडचा कायदाही वर्णनाला महत्त्व देतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाचे वर्णन चौदा दिवसांत तयार करून त्याचे छायाचित्र वा चित्रफीत काढायची असते आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा असतो. पोलिसांनी पकडलेले नाणे आणि तुमच्या वहीतले नाणे एकच आहे हे दाखवता आले, तर ते तुमच्या हाती लवकर येऊ शकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाणे वितळवल्यावर वही काय कामाची? जर्मनीत मांचिंगच्या संग्रहालयातून नोव्हेंबर २०२२ मध्ये ४८३ केल्टिक सोन्याची नाणी चोरीला गेली. चोरांनी आधी गावाच्या दूरसंचाराच्या तारा तोडल्या होत्या. पुढच्या वर्षी आरोपी पकडले, तेव्हा काही नाण्यांचे वितळलेले गोळेच हाती लागले. म्हणून संग्रहाची वाटणी धातूप्रमाणे करावी. सोने आणि जास्त चांदीची नाणी लॉकरमध्ये. तांबे, निकेल आणि अभ्यासाची नाणी घरी, दागिन्यांच्या कपाटापासून दूर. नाणी हाताळण्याचा आनंद यात थोडा कमी होतो हे खरे, पण दुर्मिळ रुपया वर्षातून चारदा पाहिला तर काही बिघडत नाही.

‘वहीच फुटली तर?’ ही भीतीही खरी. म्हणून वही संग्रहाजवळ ठेवू नये, तिच्यावर पत्ता लिहू नये, आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या विश्वासू नातलगाकडे असावी. पण खरी गळती वहीतून होत नाही. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडलेल्या चांदीच्या रुपयांचा फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावणे आणि त्याच आठवड्यात ‘चाललो तिरुपतीला’ असे लिहिणे, गळती ही. याउलट नुसती गुप्तताही पुरत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. ज्याने ती पुरली त्याने ती चोरांपासून शतकानुशतके वाचवली, आणि आपल्या वारसांपासूनही.

शेवटची शंका सरकारची. नोंद केली की नाणी जप्त होतील, असे गावाकडे पुष्कळांना वाटते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. पण वारशाने आलेले किंवा पावतीने घेतलेले नाणे घरी ठेवणे हा गुन्हा नाही. नांगरताना शेतात सापडलेल्या नाण्यांचे प्रकरण निराळे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तशी नाणी मुकाट्याने अल्बममध्ये घातली असतील, तर ती चोरीला गेल्यावर फिर्याद द्यायलाच तोंड उरत नाही. बाकीच्यांनी आजच वही काढावी, आणि पहिल्या पानावर आपल्यानंतर ती कुणाच्या हाती जायची त्याचे नाव लिहावे.