कोणत्या महिन्यात कोठे जावे? भंडाऱ्याच्या दुकानदाराचा सफरखर्च

दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ‘बारा महिने, बारा ठिकाणे’ अशी यादी पुष्कळदा छापलेली असते. जानेवारीत गोवा, मे महिन्यात मनाली, नोव्हेंबरात राजस्थान. यादी वाचायला गोड लागते, पण ती पगारदार माणसासाठी केलेली असते. त्याची रजा मंजूर झाली की त्या दिवसांचाही पगार मिळतो. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी येथील आमचे बहुतेक वाचक दुकानदार, आडते, कारागीर किंवा फेरीवाले आहेत. त्यांची रजा शटर खाली ओढल्यावर सुरू होते आणि मिळकत त्याच क्षणी थांबते. म्हणून सहलीच्या खर्चातला पहिला आकडा तिकिटाचा नसून गल्ल्याचा आहे, हे आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

समजा, एका कापड दुकानाला हंगामात खर्च वजा जाता रोज १५०० रुपये सुटतात आणि मंदीत ४००. चार दिवस दुकान बंद राहिले तर हंगामात ६००० गेले, मंदीत १६००. फरक झाला ४४०० रुपयांचा. एवढ्या रकमेत साध्या लॉजवरचा दोन-तीन रात्रींचा मुक्काम निघतो. तिकिटात शंभर-दोनशे वाचवण्यासाठी रात्र जागवणारे आमचे बांधव हा फरक मात्र कधी वहीत मांडत नाहीत.

आमच्या दुकानदाराला तीन दिनदर्शिका सांभाळाव्या लागतात. पहिली धानाची. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, कापणी-मळणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून, आणि धानाचे चुकारे हातात पडतात तेव्हा कोठे बाजारात पैसा फिरतो. दुसरी ग्राहकाची, म्हणजे पंचांगाची. पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी, मग गावोगावच्या मंडई आणि त्यानंतर लग्नसराई. तिसरी घरची, हिजरी. ही दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो. १९९३ सालीही तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. यामुळेच छापील यादी आपल्याला कायमची लागू पडत नाही. तिन्ही दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवून ज्या दिवशी तिन्हींत सामसूम दिसेल, तो आपला स्वस्त महिना. ठिकाण नंतर ठरवावे.

या कसोटीवर वर्ष लावून पाहू.

जानेवारीत चुकाऱ्यांचा पैसा बाजारात असतो. दुकान सोडून लांब जाण्यात अर्थ नाही. पण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नवेगावबांधचा तलाव गाठता येतो. थंडीत तेथे बाहेरचे पक्षी उतरतात. साकोलीजवळचे नागझिरा किंवा आपल्याच जिल्ह्यातले कोका अभयारण्यही एका दिवसात होते. डबा घरचा घ्यावा. अशा सहलीला सहल म्हणायला आमचे काही मित्र तयार नसतात, पण मुलांना त्यात काही कमी वाटत नाही.

फेब्रुवारी-मार्च सध्या रमजान आणि ईदचे आहेत. कपडा, चप्पल, शेवया, अत्तर यांपैकी काहीही विकणाऱ्याचा हा वर्षाचा हंगाम. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे खरे. पण ती सवलत गरजेच्या सफरीसाठी आहे, मौजेची सफर मुद्दाम त्या दिवसांत आखू नये, असे आमचे मत आहे. बाशी ईदेला मात्र घरच्या स्त्रियांना जरूर बाहेर काढावे. महिनाभर पहाटे त्या सर्वांच्या आधी उठलेल्या असतात. पवनीचा जुना तट आणि वैनगंगेचा घाट, किंवा आंभोऱ्याचा नदीवरचा पूल एवढे पुरेसे आहे. हा पूल २०२४ मध्ये खुला झाला. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. आपल्या जिल्ह्यात एवढे जुने गाव आहे हे कितीतरी भंडारेकरांना बाहेरच्या पाहुण्याकडून कळते.

एप्रिलबद्दल बोलण्यासारखे नाही. ऊन आणि परीक्षा.

मे महिन्यावर थोडे थांबावे लागेल, कारण वाद येथेच होतो. तुमसरच्या एका कापड व्यापाऱ्याने आम्हाला थेट विचारले, “भाईजान, मुलांना सुट्टी मे महिन्यात असते. तेव्हा नाही तर केव्हा जायचे?” प्रश्न रास्त आहे. पण मे म्हणजे लग्नसराई, म्हणजे त्यांचाच धंद्याचा महिना. त्यातून २०२६ मध्ये बकरी ईद मेच्या अखेरीस येते, २०२७ मध्ये मेच्या मध्याला. पचमढी, चिखलदरा येथे या दिवसांत खोल्यांचे दर वर्षातले सर्वांत चढे असतात. आम्ही स्वतः एकदा मे महिन्यात चिखलदऱ्याला गेलो होतो. फोनवर ठरलेला दर तेथे पोचल्यावर दीडपट झाला. सोबत अम्मी होत्या, संध्याकाळ झालेली. निमूटपणे पैसे मोजले. लॉजवाल्याला दोष देऊन उपयोग नव्हता, दारात आमच्या मागे आणखी दोन कुटुंबे उभी होती.

यावर विदर्भापुरता एक तोडगा आहे आणि त्याचा फायदा फार थोडे लोक घेतात. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईकडची शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होते, आपली जूनच्या शेवटच्या आठवड्यात. या मधल्या दिवसांत आपल्या मुलांना सुट्टी असते, पण तिकडची गर्दी घरी परतलेली असते. लग्नसराई उतरलेली, शेतकरी बियाण्याच्या मागे लागलेला, दुकानात ग्राहक कमी. पहिला पाऊस पडून गेला असेल तर मराठवाड्याचे ऊनही सुसह्य होते.

हे दिवस आम्ही खुलताबादला देऊ. नागपूरहून रात्रीच्या बसने सकाळी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, गाठता येते. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून हा प्रवास पुष्कळ कमी वेळात होतो. मात्र स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याने पथकराचा आकडा आधी पाहावा. खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जरजरी जरबख्श यांच्या दर्गा आहेत. १७०७ मध्ये वारलेल्या औरंगजेब बादशहाची साधी, उघडी कबर आणि मलिक अंबरचा मकबराही येथेच. वाटेवर दौलताबादचा किल्ला, पलीकडे वेरूळ. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावा. २०२६ मध्ये मोहरम जूनच्या मध्यालाच लागतो. ज्या घरांत आशुऱ्यापर्यंत सफर टाळतात, त्यांनी तेवढे पाहून घ्यावे.

जुलैत नागपूरच्या ताजाबादला हजरत ताजुद्दीन बाबांचा उर्स सध्या पडतो. तारीख २६ मोहरमची. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत. यात हिशेब मांडण्यासारखे काही नाही. अभयारण्ये १ जुलैपासून सप्टेंबरअखेर बहुधा बंद असतात, तिकडे फेरा मारू नये. चिखलदरा पाहायचाच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावा. धुके, धबधबे, गाविलगडचा बहामनी किल्ला. पण सोमवार ते गुरुवारच. शनिवार-रविवारी आता नागपूर-अमरावतीच्या गाड्यांची रांग लागते आणि दर पुन्हा मे महिन्याचे होतात. १५ ऑगस्टच्या आसपास तर मुळीच नको.

उमराचाही येथेच उल्लेख करतो. ती इबादत आहे, सहल नव्हे, परंतु खर्च तर होतोच. रमजानचा उमरा सर्वांत महाग. हज आटोपल्यानंतरच्या मोहरम-सफर महिन्यांत दर उतरतात आणि हे महिने सध्या जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्या मंदीत येतात. मक्केत त्या वेळी कडक ऊन असते. सोबत वृद्ध असतील तर दराच्या मोहात पडू नये. विमान मुंबई किंवा हैदराबादहून असेल तर तेथपर्यंतचे रेल्वे भाडे आणि एका मुक्कामाचा खर्च पॅकेजच्या दरात मिळवूनच तुलना करावी.

आता आमच्या मते वर्षातला सर्वांत स्वस्त पंधरवडा. तो पितृपक्षाचा. आमचे हिंदू ग्राहक या दिवसांत नवे कापड, भांडी, दागिने सहसा घेत नाहीत. दुकानात माश्या मारीत बसावे लागते, अशी तक्रार प्रत्येक व्यापारी दरवर्षी करतो आणि तरीही दुकान उघडून बसतो. नेमक्या याच दिवसांत लॉज रिकामे असतात, गाड्यांत जागा मिळते, पाऊस ओसरलेला आणि तलाव भरलेले असतात. २०२६ मध्ये हा पंधरवडा २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आहे, २०२७ मध्ये सप्टेंबरच्या उत्तरार्धात. शाळा सुरू असतात ही अडचण खरी. परंतु २०२६ मध्ये २ ऑक्टोबरची सुट्टी शुक्रवारी येते. गुरुवारी निघाले तर मुलांचे एक-दोन दिवसच बुडतात. दहावी-बारावीचे मूल घरात असेल तर आम्ही आग्रह धरणार नाही.

या पंधरवड्यासाठी आम्ही बुऱ्हाणपूर सुचवतो. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तुमसर रोड व भंडारा रोड येथून भुसावळला नेते. तेथून बुऱ्हाणपूर इटारसीच्या मार्गावर सुमारे ५५ किलोमीटर. खुलताबादला ज्यांची दर्गा आहे त्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्याच नावावरून फारुकी सुलतानांनी हे शहर वसवले. तेथील जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. मुमताज महल १६३१ मध्ये येथेच वारली आणि ताजमहाल होण्यापूर्वी तिला येथेच दफन केले होते. शहराबाहेर सतराव्या शतकातली जमिनीखालची पाणीव्यवस्था आहे. तिचे नाव ‘कुंडी भंडारा’. भंडाऱ्याच्या माणसाने निदान नावासाठी तरी ती पाहावी! वर असीरगडचा किल्ला. शिवाय बुऱ्हाणपूर यंत्रमागाचे शहर आहे. कापडवाल्याने दिवाळीच्या आधी अर्धा दिवस तेथील बाजारात दर विचारण्यात घालवला तर सफरीचा काही भाग धंद्याच्या खात्यातही लिहिता येईल.

तिकिटांचे सांगायचे तर, एसटीत २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. नवरा, बायको, ७६ वर्षांची आई, १३ वर्षांची मुलगी व ९ वर्षांचा मुलगा असे कुटुंब असेल तर पाच माणसांची अडीच तिकिटे होतात. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि पाच वर्षांवरील मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. म्हणजे तेथे पाच. तरीही लांबच्या प्रवासाला स्लीपरचे भाडेच मुळात इतके कमी आहे की पाच तिकिटे घेऊनही एसटीपेक्षा स्वस्त पडतात. जवळच्या सफरीत एसटी, लांबच्या सफरीत रेल्वे, असे आमचे सरळ गणित आहे. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, बुऱ्हाणपूरला ती उपयोगी नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत दुकान सोडू नये. नवरात्र, दिवाळी, मंडई, मग धान. भोपाळचा इज्तिमा बहुधा याच काळात असतो. तेथे जाणाऱ्यांसाठी छत्तीसगड एक्स्प्रेस भंडारा रोडहून थेट आहे. अजमेरचा उर्स रजबच्या पहिल्या सहा दिवसांत असतो. २०२६ मध्ये तो डिसेंबरात येतो, २०२८ मध्ये नोव्हेंबरात, म्हणजे ऐन धानाच्या हंगामात सरकेल. ज्यांना वडिलांना एकदा उर्सला न्यायचे आहे आणि ज्यांचा धंदा धानावर चालतो, त्यांनी २०२६ चे वर्ष दवडू नये.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. गुरुवार, १ ऑक्टोबर २०२६ च्या गाडीचे आरक्षण रविवार, २ ऑगस्टला सकाळी ८ वाजता उघडेल. परतीचे तिकीट दोन-तीन दिवसांनी काढावे लागेल, ते विसरू नये. खाते स्वतःच्या आधाराशी आधीच जोडून ठेवावे. भुसावळ-बुऱ्हाणपूरसाठी वेगळे आरक्षण करण्याची गरज नाही, साधे तिकीट पुरते.