मुंबापुरीतील एक कीर्तन

भाद्रपद जवळ आला की आम्हां कीर्तनकारांच्या पायांना भिंगरी लागते. वास्तव्य पिंपरी पेंढारसारख्या खेड्यात असले, तरी भाग्य असे, की ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज हे दोन्ही अष्टविनायक आमच्या जुन्नर तालुक्यातच विराजमान आहेत. त्यांचे दर्शन घेऊन आम्ही मुंबापुरीची वाट धरतो. ओतूर मागे टाकून एस.टी. माळशेज घाटातील धुक्यात शिरते, मुरबाडवरून कल्याणास येते. पुढे लोकल आणि गर्दी. पूर्वी ही ये-जा जवळच्या नाणेघाटातून चाले. सातवाहनकालीन शिलालेख आणि दगडी रांजण तेथे आजही पाहावयास मिळतात.

गिरगावात 1893 साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याच परिसरातील एका चाळीत आम्ही गेल्या भाद्रपदात सेवेस उभे होतो. श्रोते नाना प्रांतांचे. पूर्वरंग रंगला आणि त्या भरात आम्ही बोलून गेलो, ''कीर्तन ही केवळ आपलीच मिरास. अन्य कोणत्याही धर्मास हे भाग्य लाभले नाही!'' टाळ्या पडल्या. टाळ्यांचा मोह कीर्तनकारास वृद्धपणीही सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आरती झाल्यावर मंडळी नमस्कारास येऊ लागली. त्यांत एक वयोवृद्ध बाई होत्या. नऊवारी नेसलेल्या, भाषा थेट अलिबागकडची. त्या म्हणाल्या, ''बुवा, रागावू नका. आम्ही बेने इस्राएल. माझे आजोबा कीर्तन करीत. साकी, दिंडी म्हणत ते योसेफाचे आख्यान लावीत. लहानपणी मी पेंगत पेंगत ऐकले आहे.'' एवढे बोलून त्यांनी प्रसाद घेतला व त्या निघून गेल्या.

आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. सकाळी एका स्नेह्यास बरोबर घेऊन मशीद बंदरच्या बाजूस गेलो. तेथे या समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते 1796 साली उभारले. दिवेकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर ही आडनावे ऐकून कोणास परकेपणा वाटेल? फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी कोकणकिनारी नवगावास लागली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेथे ते तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकाराने त्यांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यांत होऊ लागली. 1948 नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलास गेली. (गोमंतकात फादर स्टीफन्सने तर 1616 मध्येच मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले होते. हे आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते, तरीही जिभेवर ते आदले वाक्य आलेच!)

सायंकाळी त्याच गादीवर पुन्हा उभे राहावयाचे होते. साठी उलटलेल्या माणसास भरसभेत आपला शब्द मागे घेणे सोपे नसते. पण नारदांच्या गादीवरून असत्य निघाले, तर ते तेथेच पुसावे लागते. आम्ही नमन आटोपून सांगितले, ''काल आम्ही चुकलो.'' मग बाईंची हकीकत निवेदन केली. ज्या लेण्याद्रीवर आज गिरिजात्मज विराजतो, त्याच डोंगरातील बौद्ध चैत्यगृह कल्याणच्या एका गृहस्थाचे दान आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचीही नावे कोरलेली आहेत, हेही सांगितले. सभा काही क्षण स्तब्ध राहिली. कार्यक्रमानंतर एक कार्यकर्ते हळूच म्हणाले, ''बुवा, याची काही गरज नव्हती.'' आम्ही म्हणालो, ''आम्हांस होती.'' बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांची भेट पुन्हा झाली नाही.

अनंत चतुर्दशीनंतर गावी परतलो. देवळाच्या ओट्यावर मंडळी बसली होती. ''बुवा, यंदा मुंबईत कोणते आख्यान लावले?'' कोणी विचारले, तेव्हा घडले ते सांगितले आणि ओघाने योसेफाची कथाही. भावांनी त्यास विकले, तो मिसर देशी अधिकारी झाला, दुष्काळ पडला आणि तेच भाऊ धान्य मागावयास त्याच्यासमोर उभे राहिले. अवर्षण म्हणजे काय, हे आमच्या पठारावरील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. पलीकडे बसलेल्या एका वृद्ध बागायतदाराने तोंडातील तंबाखू टाकली.

''मग दिले का धान्य?''

''दिले.''

''पैसे घेऊन?''

''नाही. गोण्या भरून दिल्या, आणि त्यांचे पैसे त्यांच्याच गोणीत गुपचूप परत ठेवले.''

म्हातारबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''बुवा, हे आख्यान एकदा आमच्या सप्ताहात लावा.''